सतरा फुटी संसार

नगर-मनमाड रस्त्यावर सीना नदीचा पूल ओलांडला की नागापूर लागतं, आणि नागापूर लागलं की एमआयडीसी. पाळी सुटायच्या वेळी या रस्त्याला उभं राहिलं तर दोन प्रकारची माणसं ओळखू येतात. एक, दुसऱ्या राज्यातून इथे आलेली. दुसरी, इथून दुसऱ्या राज्यात जायच्या बेतात असलेली. पहिल्या प्रकारच्या माणसाच्या हातात डबा असतो. दुसऱ्याच्या खिशात यादी असते.

बोल्हेगावच्या बाजूला एखाद्या दुमजली घरात हे दोन्ही प्रकार एकाच जिन्याने ये-जा करतात. वरच्या पत्र्याच्या खोलीत बिहारची चार पोरं. त्यांनी हजार-दीड हजार किलोमीटरचं स्थलांतर केलं ते एक सॅक, एक चादर आणि गावातल्या कुणाचा तरी मोबाइल नंबर एवढ्या भांडवलावर. खाली सुपरवायझर साहेबांचा संसार. साहेबांना बेंगळुरूला जायचं आहे. गेली तीन वर्षं जायचं आहे. हे साहेब म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. एमआयडीसीच्या कुठल्याही गेटवर ते चार-पाचच्या संख्येने सापडतात. कुणाचं बेंगळुरू असतं, कुणाचं होसूर, कुणाचं साणंद. दोनशेपानी वही मात्र सगळ्यांकडे सारखी. तिच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली ‘बेंगळुरू - अंदाजे खर्च’ असं लिहिलेलं असतं. ‘अंदाजे’ हा शब्द दरवर्षी खोडून पुन्हा लिहितात.

हे साणंदही मोठं बोलकं उदाहरण आहे. 3 ऑक्टोबर 2008 रोजी रतन टाटांनी नॅनोचा कारखाना सिंगूरहून, म्हणजे पश्चिम बंगालमधून हलवत असल्याचं जाहीर केलं आणि 7 ऑक्टोबरला गुजरातमधलं साणंद ठरलंसुद्धा. एका अख्ख्या मोटार कारखान्याचं राज्य बदलायचं चार दिवसांत ठरलं. सुपरवायझर साहेबांच्या घरात गोदरेजचं कपाट न्यायचं की विकायचं, याला तीन वर्षं झाली.

बचतीची सुरुवात भिशीने होते. गल्लीतल्या वीस जणी, महिन्याला दोन-दोन हजार, ज्या महिन्यात नंबर लागेल तेव्हा हातात चाळीस हजार. वहिनींनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, ही भिशी ‘शिफ्टिंगची’ म्हणून लावली आणि तसं सगळ्यांना सांगूनही टाकलं. त्यामुळे नंबर लागला त्याच आठवड्यात नणंदेच्या सासरचं वास्तुशांतीचं आमंत्रण आलं, आणि धाकट्या दिराला गाडीच्या डाउन पेमेंटला नेमके पंधरा हजार कमी पडले. भिशीची तारीख नातेवाइकांना न कळवताच कळते. उरलेल्या पैशांत मिक्सर आला, तोही ‘तिकडे लागणारच आहे’ या सबबीवर. शिफ्टिंगच्या पैशांतून घेतलेली प्रत्येक वस्तू शिफ्टिंगचा खर्च वाढवते, हे वहीत कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरा मार्ग पिग्मीचा. रोज संध्याकाळी पतसंस्थेचा माणूस दुकानात, घरात येऊन पन्नास-शंभर रुपये घेऊन जातो आणि हातातल्या मशीनमधून पावती काढतो. या पिग्मीचं मूळ कर्नाटकात आहे, हे बहुतेक पिग्मीवाल्यांना ठाऊक नसतं. उडुपीला 1925 मध्ये सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेने 1928 मध्ये ही योजना काढली; किरकोळ कमाईच्या माणसाला दारात जाऊन रोजचे चार पैसे साठवायला लावायचे, अशी कल्पना. म्हणजे नागापूरहून कर्नाटकात जाण्यासाठी जी बचत चालली आहे, ती बचतच मुळात कर्नाटकातून इकडे आलेली आहे. तिला एनओसी लागली नव्हती.

पैसे ठेवायचे कुठे, यावर नगरमध्ये विनोद जरा जपून करावा लागतो. ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने शतकाहून जुन्या नगर अर्बन सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, आणि ‘पाच लाखांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित’ हे बँकेच्या भिंतीवरचं वाक्य लोकांनी पहिल्यांदा नीट वाचलं. ही मर्यादा 2020 पर्यंत एक लाखच होती. तेव्हापासून साहेबांनी बेंगळुरूचे पैसे तीन ठिकाणी विभागले: पोस्टात आरडी, राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी आणि तांदळाच्या डब्यात रोख. परतावा पहिल्या दोन ठिकाणी मिळतो. हिशोब फक्त तिसऱ्या ठिकाणचा जुळत नाही.

यादीतली पहिली ओळ ट्रकची. नागापूर ते बेंगळुरू आठशेहून अधिक किलोमीटर. ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाषेत संसाराचं माप फुटात असतं: चौदा फुटी की सतरा फुटी? लग्नाला बारा वर्षं झालेल्या जोडप्याला आपला संसार किती फुटांचा, हे ठाऊक नसतं. ट्रान्सपोर्टवाला येतो, दारात उभा राहून एक नजर फिरवतो, माळ्याकडे बघतो आणि म्हणतो, “सतरा लागंल.” माळ्यावर काय आहे हे घरच्यांनाही आठवत नसतं, पण त्याला ते दिसतं: पाळणा, कूलरची जाळी, रुखवतातली बाहुली, बंद पडलेला टीव्ही आणि त्या टीव्हीचा थर्माकोल.

मग रिटर्नच्या गाडीची आशा. बेंगळुरूहून माल घेऊन आलेला आयशर रिकामा परत जात असेल तर निम्म्या भाड्यात काम होतं, असं कंपनीच्या डिस्पॅचमधला प्रत्येक माणूस शपथेवर सांगतो. अशी गाडी खरोखर असते. अडचण एवढीच की ती मंगळवारी रात्री साडेअकराला फोन करून सांगते, ‘पहाटे चारला निघतोय, भरता का?’ जो माणूस तीन वर्षं यादी करतो आहे त्याला साडेचार तास देऊन चालत नाही. विमा करा, बिल्टी घ्या, सामानाची मोजदाद करून सही घ्या, आगाऊ सगळी रक्कम देऊ नका, हे सल्ले योग्यच आहेत. नावाजलेल्या कंपनीशी मिळतंजुळतं नाव लावून सामान भरायचं आणि अर्ध्या वाटेत जादा पैसे मागायचे, असे प्रकार देशभर पोलिसांत नोंदले गेले आहेत. म्हणून साहेबांनी खबरदारी घेतली: ट्रकसोबत मेव्हण्याला पाठवायचं ठरवलं. मेव्हण्याचं जेवण, चहा आणि परतीचं तिकीट ही तीन कलमं वहीत नव्याने आली. विमा त्याहून स्वस्त होता.

दुसरी ओळ डिपॉझिटची, आणि इथे वहीचं पान ओलं होतं. नागापुरात घर भाड्याने घ्यायचं तर एक-दोन महिन्यांचं भाडं अनामत आणि मालकाच्या आईला नमस्कार, एवढ्यावर भागतं. बेंगळुरूची जुनी रीत दहा महिन्यांच्या भाड्याची. समजा भाडं अठरा हजार, तर एक लाख ऐंशी हजार रुपये घरात पाऊल टाकण्याआधीच मालकाकडे. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी अनामत दोन महिन्यांपुरती मर्यादित ठेवायची म्हटलं आहे. पण ‘आदर्श’ हा शब्द कायद्याच्या नावातच आहे. तो स्वीकारायचा की नाही, हे ज्या त्या राज्याने ठरवायचं. घरमालकाला फोनवर या कायद्याचा उल्लेख करून पाहावा. तो फार नम्रपणे दुसऱ्या भाडेकरूला घर देतो.

तिसरी ओळ स्कूटरची. स्कूटरची किंमत आता तीस हजारसुद्धा नाही, पण कागदांच्या बाबतीत ती घरातली सगळ्यात ज्येष्ठ व्यक्ती. मोटार वाहन कायदा 1988 च्या 47 व्या कलमाप्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते. त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म 28. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचीही एनओसी. मग तिकडे आजीवन कर, आणि कर्नाटकातला हा कर देशातल्या जास्तीच्या करांत मोडतो. इथे भरलेल्या पंधरा वर्षांच्या करातला उरलेला भाग परत मिळतो, पण तिकडची नोंदणी झाल्यावर, इकडे अर्ज करून. म्हणजे एमएच-16 चा केए करायचा आणि त्या केएचा कागद घेऊन पुन्हा एमएच-16 च्या खिडकीत उभं राहायचं. बीएच मालिकेची सोय सप्टेंबर 2021 पासून आहे. ती नंबर प्लेट राज्य बदललं तरी बदलावी लागत नाही. खासगी नोकरदाराला ती मिळते, फक्त त्याच्या कंपनीची कार्यालयं किमान चार राज्यांत असावी लागतात. साहेबांच्या कंपनीची दोन युनिट आहेत आणि दोन्ही एमआयडीसीतच. एका युनिटमधून दुसऱ्या युनिटमधला कामगार दिसतो.

“मग विकून टाका ना ती स्कूटर,” असं वहिनी म्हणतात. साहेब गप्प बसतात. त्या स्कूटरवर ते वहिनींना पहिल्यांदा भुईकोट किल्ला दाखवायला घेऊन गेले होते, हे दोघांनाही आठवतं. म्हणून विषय गॅसकडे वळतो.

गॅसचं प्रकरण सरळ आहे. सिलिंडर, रेग्युलेटर इथे जमा करायचा, टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं, अनामत परत घ्यायची आणि तिकडे नवी भरायची. जून 2022 मध्ये घरगुती सिलिंडरची अनामत 1,450 रुपयांवरून 2,200 रुपये झाली. परत मिळते ती जुन्या दराने, भरायची ती नव्या दराने. दोन सिलिंडरमागे पंधराशे रुपये हवेत. साहेबांनी या पंधराशेचा उल्लेख एक लाख ऐंशी हजारांपेक्षा जास्त वेळा केला आहे. मोठा खर्च माणूस गिळतो. लहान खर्च त्याला चघळायला लागतो.

पत्ता बदलण्याचा सराव मात्र नागापूरकरांना सरकारनेच करून दिला आहे. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि बिछाना तसूभर न हलवता घराघराचा पत्ता बदलला. आधारवर अहमदनगर, नव्या बिलावर अहिल्यानगर, आणि बोलताना सगळ्यांच्या तोंडात पूर्वीपासून होतं तेच नगर. बेंगळुरूच्या घरमालकाने दोन्ही कागद मागवले आणि विचारलं, म्हणजे आधीही तुम्ही एकदा गाव सोडलं होतं का? त्याला पूर्वानुभव असलेला भाडेकरू आवडला.

मतदार यादीतलं नाव हलवायला फॉर्म 8. रेशन कार्ड आता देशभर चालतं. आसाम जोडलं गेल्यावर, 2022 पासून, सगळी राज्यं त्यात आली. पीएफचा यूएएन नंबरही माणसामागे कुठेही येतो. व्यवसाय कराचा तर स्वभावच स्थिर: राज्यघटनेच्या 276 व्या कलमाने त्याला वर्षाला 2,500 रुपयांच्या पुढे जायची बंदी आहे, त्यामुळे तिकडे गेल्यावर तो ओळखीचा चेहरा म्हणून भेटतो. अडतं ते शाळेत. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून पहिली ते आठवीच्या मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. प्रवेश अडत नाही, भाषा अडते. कर्नाटकात 2015 च्या कायद्याने शाळेत कन्नड शिकावंच लागतं, आणि महाराष्ट्राने 2020 मध्ये मराठीसाठी तसाच कायदा केलेला असल्यामुळे तक्रार करायला तोंड राहत नाही. पाचवीतल्या मुलाला पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात. त्यावर घरातल्या आजीचा तोडगा असा की मुलाला कन्नड येतंच: अण्णा, अक्का आणि अडकित्ता हे तिन्ही शब्द तिकडूनच आले आहेत. तीन शब्दांवर सहामाही निघेल, असं तिला वाटतं.

आजीची स्वतःची यादी वेगळी आहे. त्यात बाजरीचं पीठ, येसर, शेंगदाणे आणि मालदांडी ज्वारीचं एक पोतं. बेंगळुरूकडे नाचणीचे मुद्दे खातात, हे तिला कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून पोत्याची दोन पोती झाली. उत्तर कर्नाटकात आपल्यासारखीच ज्वारीची भाकरी खातात, तिला जोळद रोट्टी म्हणतात आणि बेंगळुरूत ती देणाऱ्या हॉटेलांना चक्क खानावळी म्हणतात, हे साहेबांनी समजावलं. आजी म्हणाली, “म्हणजे तिकडं जाऊन इकडचंच खायचं, मग जाता कशाला?” या वाक्यानंतर वही दोन महिने उघडली गेली नाही.

एवढ्या तयारीची या भागाला परंपरा आहे म्हणावं, तर तसंही नाही. औरंगजेब 1681 मध्ये दख्खनेकडे निघाला तो मोहीम आटोपून परतायच्या हिशोबाने. पंचवीस वर्षांहून अधिक काळ छावण्या इकडून तिकडे हलल्या, आणि 1707 मध्ये नगरजवळ भिंगारला त्याचा शेवट झाला; दिल्ली काही पुन्हा दिसली नाही. नागापूरहून भिंगार दुचाकीवर फार तर अर्ध्या तासावर. ‘दोन वर्षं तिकडं काढू, मग येऊ’ असं साहेब म्हणतात तेव्हा आजीच्या डोळ्यांसमोर काय येत असेल, ते यावरून समजावं. नेहरू ऑगस्ट 1942 मध्ये इथे आले, तेही मूळचे दुसऱ्या प्रांतातले. डिपॉझिट नाही, भाडं नाही, सामानाची यादी नाही. भुईकोट किल्ल्यात अडीच वर्षांहून जास्त मुक्काम, बागकाम आणि ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’चं लेखन. अर्थात एवढं सगळं फुकट मिळायला इंग्रजांनी अटक करावी लागते.

खरं आंतरराज्य स्थलांतर नगर जिल्ह्यातून दरवर्षी होतं आणि त्याला वही लागत नाही. पाथर्डी, शेवगावकडची ऊसतोडीची बिऱ्हाडं दिवाळीच्या आगेमागे निघतात, त्यातली कित्येक थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर. त्यांच्याकडे बचतीचं गणित उलटं: आधी मुकादमाकडून उचल, मग ती फिटेपर्यंत तोड. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेटी, भांडी, पाण्याची टाकी, शेळी आणि लेकरं चढली की गाव हललं. नवरा-बायको मिळून एक कोयता, पोहोचल्यावर पाचटाची कोपी. सतरा फुटी की चौदा फुटी हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. साहेबांच्या वहीतला सगळा वैताग म्हणजे पैसे हाताशी असलेल्या माणसाचा वैताग आहे. साहेबांचे वडील दोन हंगाम तोडीला गेले होते, त्यामुळे घरात ट्रॉली हा शब्द निघाला की साहेब गोदरेज कपाटाचा विषय आपण होऊन बंद करतात.

सांगलीच्या खानापूर-आटपाडीकडच्या गलाईवाल्यांची तऱ्हा तिसरीच. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ही माणसं पिढ्यान् पिढ्या देशभर पसरली. तामिळनाडू, केरळ, बंगाल, कुठेही बाजारपेठेत एखादं विट्याकडचं आडनाव निघतंच. पोरगा आधी चुलत्याच्या दुकानात जायचा, भट्टीशेजारी झोपायचा, धंदा शिकायचा आणि मग पुढच्या गावात स्वतःचं दुकान टाकायचा. डिपॉझिट भावकीच्या ओळखीचं. परराज्यात बस्तान बसलं, पण घरं गावाकडेच बांधली आणि जत्रेला हजेरी चुकवली नाही.

साहेबांनी हे सगळं ऐकून वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावर वहिनींनी आधीच एक शीर्षक घालून ठेवलं होतं: ‘येणं-जाणं’. खाली दिवाळी. मग मे महिन्यातली लग्नं, कमीत कमी तीन. गावची जत्रा. आजीचं दुखणं, अचानक. शेतीच्या सातबाऱ्याला वारसाची नोंद, दोन खेपा. आरटीओत कराच्या परताव्याला, एक खेप (वहिनींनी त्याच्या दोन केल्या). बेरीज केली तर पहिल्या वर्षीचा यायचा खर्च जायच्या खर्चाला भिडला. ट्रक एकदा जातो, माणसं वर्षभर येत राहतात.

नशिबाने गाडीची सोय चांगली. दिल्लीहून बेंगळुरूला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस नगर स्टेशनवरूनच जाते आणि तीच परत आणते. अडचण आरक्षणाची. पूर्वी ते 120 दिवस आधी मिळायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून साठच दिवस आधी. सकाळी आठला खिडकी उघडते आणि दिवाळीच्या गाडीची वेटिंग लिस्ट चहाला आधण येण्याआधी लागते.

हे तंत्र कुणाला येतं? वरच्या खोलीतल्या पोरांना. घर सोडताना ज्यांनी काहीच ठरवलं नव्हतं, ती पोरं छठपूजेला घरी जायचं तिकीट साठाव्या दिवशी, आठला पाच कमी असताना काढायला बसतात. चौघांचे चार मोबाइल, नावं आधीच भरलेली, पैसे खात्यात तयार. नगरला थांबणाऱ्या पुणे-दानापूर एक्सप्रेसची कुठल्या दिवशी किती गर्दी, हे त्यांना तोंडपाठ. भिंतीवर कॅलेंडर, आणि त्यावर एकाच तारखेला लाल गोल.

परवा साहेब वही घेऊन जिना चढले. पोरांनी चादर झटकून जागा केली, चहा ठेवला. बेंगळुरूहून नगरला दिवाळीचं तिकीट कसं काढायचं, ते साहेबांना शिकायचं होतं. एकाने मोबाइल पुढे केला आणि विचारलं, जाण्याची तारीख कोणती?

“ती अजून ठरली नाही,” साहेब म्हणाले. “परतीची मिळते का, ते आधी बघ.”